तान्हा पोळ्याचं बॅनर: शीर्षकाच्या आउटलाइनचं काय करायचं?

पाठवणार: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,

तान्हा पोळ्याच्या १० बाय ४ फुटांच्या बॅनरचा पहिला नमुना सोबत जोडला आहे. लाकडी बैलांचा फोटो झकास आलाय, पण शीर्षकाचं काही खरं नाही. इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं पिवळी ठेवून भोवती मरून आउटलाइन दिली, तर शिरोरेषेवर दोन अक्षरं जिथे जुळतात तिथे उभी रेघ दिसते. शिवाय 'पोळा'मधल्या ळची दोन्ही पोटं बुजली आहेत. आउटलाइन काढून टाकावी, तर पिवळी अक्षरं बैलांच्या झुलींत हरवतात. प्रिंटरला शुक्रवारी फाइल द्यायची आहे. काका सध्या नागपूरलाच आहेत असं कळलं. काका, जरा बघता का?

पाठवणार: नागपूरकर काका

ताई, पाहिली फाइल. फोटो मस्तच आहे, बैलांना चाकं अन् तोरणं पाहून इतवारीतली दुकानं आठवली.

त्या उभ्या रेघांचं कारण साधं आहे. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येते अन् शेजारच्या अक्षरावर थोडीशी चढते. नुसता रंग भरला तर जोड दिसत नाही. पण इंकस्केप आउटलाइन काढते ती एकेका अक्षराभोवती. म्हणून त्या जोडावर दोघांच्याही कडा उमटतात. रोमन लिपीत अक्षरं सुटी असतात, त्यामुळे तिथे ही भानगड सहसा दिसतच नाही. इंकस्केपमध्येच राहायचं असेल तर आधी 'ऑब्जेक्ट टू पाथ', मग अनग्रूप, मग पाथ मेनूतलं 'युनियन'. सगळं शीर्षक एक आकार झालं की मगच आउटलाइन द्या. फक्त शुद्धलेखन आधी तपासून घ्या, कारण नंतर ते अक्षर राहत नाही, चित्र होते.

पण खाली फोटो आहे, तर मी म्हणतो गिंप हा फोटोंचा प्रोग्रॅम वापरा नं. तिथे टेक्स्ट लेयरवर, म्हणजे अक्षरांच्या थरावर, राइट क्लिक करून 'अल्फा टू सिलेक्शन' घ्या. आता अख्खं शीर्षक मिळून एकच सिलेक्शन होते, जोड मधे येतच नाही. मग सिलेक्ट मेनूतलं 'ग्रो', म्हणजे सिलेक्शन चहूबाजूंनी वाढते. किती पिक्सेल ते खाली सांगतो. मग पूर्ण इमेजच्या मापाचा नवा पारदर्शक लेयर करा, तो टेक्स्टच्या खाली सरकवा अन् त्यात मरून भरा. सिलेक्शन सोडू नका! तसंच आणखी एकदा ग्रो करा, आणखी एक लेयर सगळ्यांत खाली, त्यात पांढरा. झुलींचा लाल-हिरवा गोंधळ त्या पांढऱ्या पट्टीनं मागे ढकलला जाते. मरून एकटा पुरणार नाही, कारण झुलींतही मरून आहे.

आता माप. ए-४ च्या स्मरणिकेला ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल) धरलं तर १२ पिक्सेल म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर. तेवढी रेघ हातातल्या पानावर शोभते. बॅनर १० बाय ४ फुटांचं म्हणता, १०० डीपीआयला ते १२,००० बाय ४,८०० पिक्सेल होते. तिथे तेच १२ पिक्सेल म्हणजे ३ मिलिमीटर, हॉलमधल्या शेवटच्या रांगेला काहीच दिसणार नाही. मरूनला ४० अन् पांढऱ्याला आणखी ४० पासून सुरू करा, अन् स्क्रीनवर छोटं करून लांबून पाहा. इथे मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांच्या पुतळ्यांसोबतचे फलक तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतून वाचता येतात. पेंटर लोक रेघ काढताना हात आखडता घेत नाहीत.

ळचं काय? आउटलाइन बाहेरच्या अंगानं वाढते तशी अक्षराच्या पोटातही वाढते. तुम्ही मोडक फाँट घेतला दिसतो. तो मुळातच गुबगुबीत, पोटात जागा नावालाच. मुक्ता फाँटचा जाड वजनाचा प्रकार घेऊन पाहा, ळ मोकळा राहील. मोडकच हवा असेल तर मरून लेयरवर ळच्या पोटात तेवढं इरेजर फिरवा. पण मग तिथे खालचा पांढरा दिसेल, ते बरं दिसते का तुम्हीच ठरवा. मला तरी ते डोळे वटारल्यासारखं वाटते.

अन् हो, अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या मोहात पडू नका. शिरोरेषा तुटली की 'तान्हा'ची दोन माणसं होतात.

पाठवणार: फोटोशॉपवाला दादा

काका, एवढा खटाटोप कशाला? फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइल, स्ट्रोक (म्हणजे आउटलाइन), पोझिशन आउटसाइड. झालं! तोही पूर्ण लेयरच्या कडेनंच जातो, जोड दिसत नाहीत. शीर्षक बदललं तर आउटलाइन आपोआप बदलते. आणि गिंप ३ मध्येही टेक्स्ट टूलमध्येच आउटलाइन आली आहे.

पाठवणार: नागपूरकर काका

भाऊ, बरोबर बोलून राहिला तू. ज्याच्याकडे फोटोशॉप आहे त्यानं तेच करावं. पोझिशन 'सेंटर' मात्र ठेवू नका, अर्धी रेघ अक्षराच्या आत शिरते अन् अक्षर वाळकं दिसते. जुन्या व्हर्जनमध्ये वेलांट्या अन् जोडाक्षरं फुटली तर प्रेफरन्सेसमध्ये, टाइपच्या पानावर मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडा, प्रोग्रॅम बंद करून उघडा अन् नवी फाइल घ्या.

गिंप ३ चं पाहिलं मी. एका आउटलाइनला ते सोयीचं आहे. आपल्याला दोन पाहिजेत, अन् मरूनवाला लेयर डुप्लिकेट करून खाली-उजवीकडे सरकवला की सावलीही फुकटात मिळते. म्हणून मी वेगळे लेयर म्हणून राहिलो.

पाठवणार: कार्यक्रम समिती

मुक्ता घेतला, ळ उघडला! रेघाही गेल्या. पांढरी पट्टी ४० ऐवजी ६० केली, कारण हॉलचा पडदाही मरून निघाला. प्रिंटरला पीडीएफ पाठवते, लेयर्सची मूळ फाइल ड्राइव्हवर ठेवली आहे. तारीख बदलायची झाली तर कृपया त्यातच बदला. आता लाकडी बैल सजवायला कोण कोण येतंय ते बुधवारपर्यंत कळवा.