टीसीपीतली पोच नेमकं काय सांगते

टीसीपी म्हणजे इंटरनेटवर डेटा खात्रीने पोचवणारा प्रोटोकॉल (नियमसंच). असा एक समज असतो की तो एक पॅकेट पाठवतो, पोच (मिळाल्याची पावती, ACK) आली की मगच दुसरं. तसं नाही. विंडोत (पोच येण्याआधी पाठवता येणाऱ्या डेटाच्या मर्यादेत) मावतील तितके सेगमेंट (डेटाचे तुकडे) तो एका दमात सोडतो आणि क्रमांक पॅकेटला नसतो, बाइटला असतो.

इथरनेटवर एका पॅकेटच्या कमाल १५०० बाइटमधून आयपी व टीसीपीच्या हेडरचे २०-२० वजा जाऊन सेगमेंटमधल्या डेटासाठी १४६० बाइट उरतात. समजा १ ते १४६० पोचले, १४६१ पासूनचा सेगमेंट हरवला, पुढचे तीन मात्र आले. प्रत्येकासाठी परत तीच पोच जाते: १४६१. म्हणजे ‘मला आता १४६१ हवाय’. अशा तीन जादा पोच आल्या की टायमर (पोचेची वाट पाहण्याची मुदत) संपण्याची वाट न पाहता तो सेगमेंट पुन्हा जातो. एक-दोनवर घाई करत नाहीत, कारण पॅकेटं नुसती मागेपुढेही होतात. भोक बुजलं की पोच थेट ७३०१ वर उडी मारते. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं साधन) ही उडी जरूर बघा.

खरी पंचाईत शेवटचा सेगमेंट हरवला तर होते. मागून काही येत नाही, म्हणून जादा पोचही नाहीत. तिथे सहसा टायमरच संपावा लागतो, आणि दर अपयशाला तो दुप्पट होतो. छोट्या विनंत्या अचानक अडखळतात त्या बऱ्याचदा यामुळेच.