पोलीस सुधारणेसाठी निवेदन: नेमकं काय मागावं? (इंदूर)

तिलकनगरकर
आमच्या रहिवासी संघाला पोलीस आयुक्त आणि आमदारांना निवेदन द्यायचं आहे. मसुद्यात सध्या 'पोलिसांना संवेदनशील करावे', 'निधी वाढवावा' असली वाक्यं आहेत. त्यांवर कोणीही होकार देईल आणि काहीच होणार नाही. प्रशिक्षण, जबाबदारी आणि पैसा या तिन्हींत असं काय मागता येईल, की सहा महिन्यांनी झालं की नाही ते कागदावर तपासता येईल?

अनंत_सुदामानगर
थान्यातल्या (पोलीस ठाण्यातल्या) कॅमेऱ्यांपासून सुरू करा, कारण आदेश आधीच आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक थान्यात आवाजासह चित्रण सक्तीचं केलं: लॉकअप, कॉरिडॉर, निरीक्षकाची खोली, मागचा भाग, सगळीकडे. साठवण १८ महिने, आणि कुठल्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नाही.

गाडी अडते ती हार्ड डिस्कवर. २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) बिटरेटचा, म्हणजे चित्रण साठवण्याच्या वेगाचा, एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी भरतो. १६ कॅमेरे धरले तर रोज ३४६ जीबी, वर्षाला साधारण १२६ टीबी, १८ महिन्यांना १९० टीबी. रेकॉर्डरमध्ये ८ टीबीच्या चार डिस्क असतील तर तीन महिन्यांत जुनं पुसून नवं चढतं. कोणी मुद्दाम पुसायची गरजच नाही! म्हणून 'कॅमेरे लावा' एवढंच लिहू नका. प्रत्येक थान्यातले कॅमेरे, त्यांचा बिटरेट आणि डिस्कची एकूण क्षमता जाहीर करा, असं लिहा. विजेचा बॅकअपही विचारा.

वकील_राजवाडा
अनंतरावांचा मुद्दा पक्का. इंदूरसाठी मात्र त्याहून निकडीची गोष्ट प्रतिबंधात्मक कारवाईची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आयुक्त प्रणाली आल्यापासून जामीनपत्राची, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी घेण्याची, प्रकरणं (बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १२६ आणि १३५; जुन्या सीआरपीसीत १०७/११६) एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, कार्यपालक दंडाधिकारी म्हणून चालवतात. पकडणारं आणि सुनावणी घेणारं खातं एकच झालं, तेव्हा प्रशिक्षणाची खरी गरज इथे आहे.

चूक होते कलम १३० च्या आदेशात. मिळालेल्या माहितीचा सारांश, रक्कम, मुदत आणि जामीनदारांची संख्या त्यात लिहावी लागते. छापील नमुन्यात नाव भरून 'शांतताभंगाची शक्यता' एवढंच लिहिलं, तर तो आदेश टिकत नाही. चौकशी सुरू होण्याआधीच अंतरिम जामीनपत्र मागता येत नाही, हे मधु लिमये प्रकरणापासून (१९७०) ठरलेलं आहे. मागणी अशी करा: एसीपींना आदेशलेखनाचं प्रशिक्षण न्यायिक अधिकाऱ्यांकडून मिळावं, आणि किती जण जामीनदार न मिळाल्याने तुरुंगात गेले याचा आकडा दर महिन्याला प्रसिद्ध व्हावा. हा दुसरा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गरीब माणूसच त्यात अडकतो.

मीनल_जोशी
विवेचकांसाठी (तपास अधिकाऱ्यांसाठी) एक मागणी जोडा. बीएनएसएसच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. फसतं ते असं: वस्तू आधी काढून मग मोबाइल सुरू केला जातो, पंच चौकटीत नसतात, यादीवर सही होताना दिसत नाही. हे व्याख्यानाने सुधरत नाही. नकली खोलीत पूर्ण जप्ती करून घ्यायची आणि तेच चित्रीकरण लगेच सर्वांसमोर तपासायचं. पैशाचा संबंध इथेच येतो: सरकारी मोबाइल आणि डेटा नसेल तर आरक्षकाला (शिपायाला) स्वतःचा फोन वापरावा लागतो.

तिलकनगरकर
फार उपयोगी. कॅमेऱ्याचं फुटेज आरटीआयमध्ये मिळेल का?

अनंत_सुदामानगर
फुटेज मागाल तर तपास आणि खासगीपणाच्या कलमांखाली अडवलं जाण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी कॅमेरे बंद पडल्याची नोंदवही, थानाप्रभारींनी जिल्हा देखरेख समितीला पाठवलेली पत्रं आणि त्या समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. बंद कॅमेरा तत्काळ कळवणं ही त्याच आदेशाने प्रभारींची जबाबदारी आहे. कोठडीत मारहाण झाली असेल तर वाट न बघता राज्य मानवाधिकार आयोगाकडे जा. आयोग ते फुटेज जपून ठेवायला मागवू शकतो. तक्रारीला एक वर्षाची मुदत आहे, डिस्कला तेवढीही नसते.

आमदारांच्या प्रतीत वेगळा परिच्छेद घाला. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे, आधुनिकीकरण योजनेत केंद्र-राज्य वाटा ६०:४०. प्रशिक्षणासाठी तरतूद किती आणि मार्चअखेर खर्च किती, हा प्रश्न त्यांनी विधानसभेत लेखी विचारावा.