विषय: भाचीचा रेझ्युमे, कोणी नजर टाकेल का?

नमस्कार मंडळी,
माझी भाची पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एमएससाठी अर्ज करतेय. तिचा तीन पानी रेझ्युमे सोबत जोडलाय. खुशाल शेरे मारा, ती रागावणार नाही.
– तिची मावशी

---

ताई, नमस्कार.
सध्या कोथरूडला आईकडे आलोय, त्यामुळे सवड आहे. रेझ्युमे वाचला.

पहिलं पान थेट लग्नाच्या बायोडेटासारखं झालंय. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, सदाशिव पेठेतला अख्खा पत्ता. गोत्र तेवढं राहिलं! हे सगळं काढा. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरी देताना वंश, धर्म, लिंग बघायला बंदी आहे. असली माहिती समोर आली की वाचणाराच अवघडतो. शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' आणि खालची सहीही नको. सीजीपीए (गुणांची सरासरी) मात्र ८.७/१० असाच ठेवू दे, अमेरिकेतल्यासारखे चारपैकी किती होतात ते आपण बसवायला जायचं नाही.

खरी मेख प्रोजेक्टमध्ये आहे. तिने लिहिलंय, 'टीममध्ये बस ट्रॅकिंग अ‍ॅपवर काम केले.' यातून कोणाला काय कळणार? तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला, तर पोरगी घडाघडा बोलली. चौघांत डेटाबेस तिचा. स्वारगेट-कात्रज बसमध्ये बसून वेळा तिनेच टिपल्या. नेट गेलं तरी आधी आलेली वेळ स्क्रीनवर राहावी, ही सोयही तिचीच. अहो, मग हेच लिहायचं ना! 'हार्डवर्किंग' आणि 'टीम प्लेयर' उडवले की जागा आपोआप होते.

आणि तो दोन कॉलमचा रंगीत साचा नको. पुढे इंटर्नशिपला हाच कागद जाईल, तिथे बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन कॉलमांचा मजकूर एकमेकांत मिसळून टाकतं.

---

काका, मावशीच्या मेलवरून लिहितेय. आता एका पानात बसलं! गॅदरिंगचं सेक्रेटरीपद पण काढू का?

---

अजिबात नको. नुसतं पद लिहू नकोस, एवढंच. बजेट किती होतं, स्पॉन्सर कोणी मिळवले, हिशेब कोणी ठेवला? आज रात्रीपर्यंत ती एक ओळ पाठव. परवा माझं परतीचं विमान आहे.