अठरा पूर्ण झाली, विशेष शाळा संपली. आता या मुलांनी संध्याकाळी जायचं कुठे?

घोडबंदरकर:
आमच्या ढोल-ताशा पथकाच्या बैठकीत परवा भांडण झालं, ते इथे मांडतोय. पथक लहान आहे, ठाण्यातलंच, चाळीसेक वादक. दोन वर्षांपूर्वी एका वादकाचा धाकटा भाऊ सरावाला येऊन बसायला लागला. वय 20, डाउन सिंड्रोम. अठराव्या वर्षी शाळा सुटली, तेव्हापासून दिवसभर टीव्ही आणि संध्याकाळी आईचं बोट धरून तलावपाळीला एक चक्कर, एवढंच त्याचं जग.

पहिले दोन महिने तो फक्त टिपरं गोळा करायचा. मोजून पिशवीत भरायची, एक जरी कमी भरलं तरी मैदानाच्या फाटकात आडवा उभा! आता झांज वाजवतो. पहिला हात, म्हणजे वादनाचा पहिला ठेका, पक्का, दुसऱ्यात चुकतो, तिसऱ्याला गप्प उभा राहतो आणि चौथ्याला आपला आपण परत येतो. सराव सातला असतो, हा चारलाच बूट घालून दारात बसतो.

यंदा आणखी तीन घरांतून विचारणा आली, तर निम्मं पथक म्हणतंय की यांची वेगळी बॅच करा, एखाद्या कार्यक्रमात दहा मिनिटं द्या. माझा विरोध आहे. वेगळी बॅच केली की तो पथकातला राहत नाही, पाहुणा होतो. तुम्हाला काय वाटतं?

वाशीच्या बाई:
मी एकोणीस वर्षं विशेष शिक्षिका आहे, म्हणून जरा कडक लिहिते. डाउन सिंड्रोममध्ये काही मुलांच्या मानेतला अगदी वरचा सांधा सैल असतो, आणि जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. मिरवणुकीत तीन तास चालवण्याआधी हे कुणी तपासलं का? आमच्याकडे वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठीचं. अशा ठिकाणी थेरपी आणि प्रशिक्षण देणारी शिकलेली माणसं असतात. ते काम हौशी पथक करणार? 'सगळ्यांबरोबर' या शब्दाचं शाळांत काय होतं ते मी पाहिलंय. मूल हजेरीपटावर असतं आणि शेवटच्या बाकावर वर्षभर एकच चित्र रंगवत बसतं.

घोडबंदरकर:
बाई, तपासलं. डॉक्टरांनी ढोल नको म्हटलं म्हणूनच झांज दिली. मिरवणुकीत अर्धा तास वाजवतो, मग पाण्याच्या टेम्पोत. थेरपी आम्ही करत नाही, करणारही नाही. पण थेरपी झाल्यावर माणसाने जायचं कुठे, हा माझा प्रश्न आहे.

कळव्याचा स्पष्टवक्ता:
वाईट दिसेल, पण कुणीतरी बोलायला हवं. लोक सुपारी देतात ती वादन ऐकायला. हात चुकला तर पुढच्या वर्षी दुसरं पथक येतं. गर्दीत कुणी पडलं तर जबाबदार कोण? मुरलीकांत पेटकरांनी 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण आणलं, त्यांना सलाम. पण सगळे पेटकर नसतात. दया वेगळी, कार्यक्रम वेगळा.

नेरुळचा चाकवाला:
दया मागितली कोणी? मी 24 वर्षांचा, व्हीलचेअरवर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, आधीच्या 1995 च्या कायद्यात 7 होते. त्यात नोकरी-शिक्षणाइतकंच कलम 29 मध्ये संस्कृती-करमणूक आणि 30 मध्ये खेळही आहेत. अर्थात ती जबाबदारी प्रामुख्याने सरकारवर आहे, तुमच्या पथकाला कुणी नोटीस धाडणार नाही, घाबरू नका.

आता माझं ऐका. एका 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, माझा सत्कार झाला. स्टेजला रॅम्प नव्हता. चौघांनी खुर्चीसकट उचललं, शाल घातली, नाव चुकीचं पुकारलं आणि खाली ठेवलं. याउलट आमच्या सोसायटीत शनिवारी कॅरम असतो. सोपी सोंगटी घालवली की माझा पार्टनर सगळ्यांसमोर माझा उद्धार करतो. मी दर शनिवारी जातो. मला पेटकर व्हायचं नाहीये हो, मला कॅरम खेळायचाय.

एक मात्र घोडबंदरकरांना विचारतो. मैदानापर्यंत पोचायचं कसं? ठाण्याच्या लोकलला दिव्यांग डब्यात धडधाकट माणसं कोंबलेली असतात. दोन तासांच्या सरावासाठी दोन तासांची लढाई. ही सोय कुठल्याच बैठकीत निघत नाही.

कोपरीची आई:
माझा मुलगा 17 चा, ऑटिझम आहे. ताशाचा पहिला कडकडाट झाला की तो कान दाबून मिळेल त्या दिशेने पळतो, समोर रस्ता असला तरी. मला वेगळी बॅच चालेल. चालेल कसली, हवीच आहे. वेगळं म्हणजे हाकलून देणं, हे तुम्ही परस्पर ठरवलंत.

पुढच्या वर्षी तो अठराचा होईल. मग 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, पोटच्या मुलाचं कायदेशीर पालक होण्यासाठीसुद्धा आम्हाला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागेल. त्याची तयारी मी आत्तापासून करतेय. पण संध्याकाळी सहाला त्याने जायचं कुठे, याचा अर्ज कुठे मिळतो?

वाशीच्या बाई:
ताईंचं पटलं, आणि घोडबंदरकरांचंही थोडं पटायला लागलंय. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये 'युनिफाइड' खेळ असतात. बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात, शक्यतो सारख्या वयाचे आणि सारख्या ताकदीचे. सगळा खेळ जोडी जमवण्यावर आहे. नुसतं मैदानात सोडून दिलं तर नुकसान त्या मुलाचंच होतं. तुमच्या चाळिसांपैकी निदान पाच जणांना बसवून शिकवा: सूचना एका वेळी एकच, ती करून दाखवायची, आणि उत्तराला वेळ द्यायचा. तेवढं केलंत तर मी विरोध मागे घेते. नाहीतर नाही.

घोडबंदरकर:
पाच जण देतो, शिकवायला तुम्ही या. येण्याजाण्याचं खरंच सुचलं नव्हतं, आमच्यातले तिघे बेलापूर-नेरुळकडून गाडीने येतात, त्यांना विचारतो.

कोपरीच्या ताई, रविवारी सकाळी सराव नसतो. त्या दिवशी ढोलांना नवी पानं, म्हणजे वाजवायचे पडदे, चढवतो, दोऱ्या ओढतो. ताशे बाहेरच काढत नाही. सहा-सात जण असतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने ओढायचं.

कोपरीची आई:
दोऱ्या त्याला आवडतात. घरातल्या सगळ्या पडद्यांच्या दोऱ्यांना गाठी आहेत. पण कुणी पाठीवर थाप मारायची नाही, हे आधी सांगून ठेवा. आणि तासाभरात निघालो तर आग्रह नको.

घोडबंदरकर:
सांगतो. दहाला या.

कळव्याचा स्पष्टवक्ता:
यंदा मिरवणूक बघायला येणार आहे. झांज चुकली की इथेच लिहीन.

नेरुळचा चाकवाला:
लिहा की. पण मग बाकीच्या चाळिसांचंही लिहा.