मदत हवी आहे: १९८३ च्या ऑस्कर सोहळ्याची अमेरिकन व्हीएचएस कॅसेट

नमस्कार मंडळी. ११ एप्रिल १९८३ ला लॉस एंजेलिसला झालेल्या ऑस्कर सोहळ्याची कॅसेट आमच्याकडे आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मामांनी तेव्हा एबीसी वाहिनीवरून घरच्या व्हीसीआरवर टेप केलेली. ‘गांधी’ला ८ पुरस्कार मिळाले तो सोहळा, आणि मुख्य म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना जॉन मोलो यांच्यासोबत वेशभूषेचा ऑस्कर मिळाला तो! भारताला मिळालेला हा पहिलाच ऑस्कर. यूट्यूबवर त्याची छोटी क्लिप आहे, पण मला मधल्या जाहिरातींसकट पूर्ण प्रक्षेपण जपायचंय.

अडचण अशी की टेप एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या व्हिडिओ पद्धतीची आहे. इथल्या जुन्या पाल (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) व्हीसीआरवर लावली तर चित्र काळंपांढरं येतं आणि खालून वर सरकत राहतं. आवाजही ओढल्यासारखा येतो. कॅसेट टी-१२० आहे, म्हणजे नेहमीच्या वेगात २ तासांची, आणि सोहळा ३ तासांहून मोठा. त्यामुळे मंद वेगात रेकॉर्ड केली असावी. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली म्हणून आता लावणंच बंद केलंय.

गावातल्या दोन लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे विचारलं, दोघांकडेही फक्त पाल मशीन आहे. कुरियरने पाठवायला मन धजत नाही. कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यापर्यंत स्वतः घेऊन येईन. खर्चाची अडचण नाही.

आधी बुरशी साफ करून, मंद वेगातली एनटीएससी टेप डिजिटल करून देणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का?