पीपी नंबर आठवतोय का कुणाला? आणि निरोप सांगायला पळणारी पोरं?

कृष्णाकाठ

परवा माळा आवरताना आत्याच्या लग्नाची पत्रिका सापडली, १९८५ ची. पिवळी पडलीये पण हळदीकुंकवाची बोटं अजून दिसतात. तळाशी छापलंय, फोन अमुक अमुक, आणि पुढे कंसात पीपी. मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याने विचारलं बाबा हे पीपी म्हणजे काय. मी म्हटलं, अरे फोन आपला नाही, शेजाऱ्यांचा. तर म्हणे शेजाऱ्यांचा नंबर आपल्या पत्रिकेवर कसा काय छापला, त्यांनी चालवून घेतलं? आणि मला पटकन सांगताच येईना की ते चालवून घेण्याची गोष्टच नव्हती.

आम्ही मिरजेत वाड्यात राहायचो, अकरा बिऱ्हाडं आणि फोन एकच, मालकांच्या बैठकीत. काळा, जड, वर क्रोशाचं विणलेलं झाकण आणि डायलच्या भोकात इवलंसं कुलूप. बाहेरून आलेला फोन मात्र सगळ्यांचा. मालकीणकाकू खिडकीतून हाक मारायच्या आणि आम्ही पोरं पळत सुटायचो, ज्याचा फोन त्याला आणायला. तो माणूस घरात नसला तर निरोप आपण घ्यायचा आणि तो पाठ करत करत जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही कारण विसरलो तर आईचा मार. मामाच्या मुलीचा जन्म मी आईला सांगितलाय, मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आई नळावर होती, कळशी तशीच ठेवून उठली आणि ओल्या हातांनीच माझे गाल धरले, ते अजून जाणवतं.

आमचा स्वतःचा फोन १९८६ ला नोंदवला होता तो १९९४ ला लागला, पेढे वाटले होते आम्ही. आता घरात चार माणसं आणि पाच मोबाईल आहेत. तक्रार करत नाहीये, मला मोबाईल आवडतो. पण बातमी दुसऱ्या माणसाच्या तोंडातून यायची, त्याचा चेहरा बघूनच आधी अर्धं कळायचं, ते आपल्या डोळ्यांदेखत संपलं आणि कधी संपलं ते लक्षातही आलं नाही असं वाटतंय. तुमच्याकडे निरोप कसे यायचे? कोण आणायचं? विषय भरकटला तरी चालेल.

ट्रंकबोर्ड

छान धागा. मी १९७९ ला सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून लागले, आता निवृत्त आहे, त्यामुळे एक दुरुस्ती आधी करते. पीपी म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. हा मूळचा ट्रंक कॉलचा, म्हणजे ऑपरेटरमार्फत लावायच्या परगावच्या फोनचा शब्द. तुम्ही १८० फिरवून कॉल बुक करायचा आणि सांगायचं की फोनवर अमुक माणूसच हवा, मग आम्ही पलीकडच्या ऑपरेटरला तसं सांगायचो, तो माणूस लाइनवर आला तरच कॉल सुरू व्हायचा. त्याला जादा पैसे पडायचे पण नुसतं 'घरात नाहीत' ऐकायला तीन मिनिटांचं बिल यायचं नाही. पुढे लोकांनी तोच शब्द शेजाऱ्याच्या नंबरापुढे छापायला सुरुवात केली, कारण तिथेही माणूस बोलावूनच आणावा लागायचा.

साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉल असायचे. अर्जंटला दुप्पट पैसे. साधा कॉल कधी लागेल याचा भरवसा नसायचा, सकाळी बुक केलेला संध्याकाळी लागला तरी लोक आभार मानायचे. हेडसेट डोक्याला, समोर बोर्ड, हातात कॉर्डची जोडी आणि कॉलचं तिकीट, त्यावर वेळ लिहायची. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं. पलीकडे कुणी रडत असेल तर मध्ये बोलायला जीव व्हायचा नाही, तरी बोलावं लागायचं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी विसरू शकत नाही. रात्रपाळी होती, आदल्या रात्री विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. चार वाजायला आले असतील, खुर्ची हलली, बोर्डावरच्या कॉर्ड हलायला लागल्या. आम्ही बाहेर पळालो आणि थोड्या वेळाने परत जागेवर येऊन बसलो कारण तोवर बोर्डावर एकदम दिवे लागले होते. लोक विचारत होते लातूर लागतंय का, उमरगा लागतंय का, किल्लारीला माझी बहीण दिली आहे ओ बाई. किल्लारी लागत नव्हतं. मी तोच नंबर कितीदा लावला असेल, पलीकडे काहीच नाही, नुसती शांतता. जवळपास १० हजार माणसं गेली हे नंतर कळलं. त्या दिवशी ड्यूटी संपल्यावरही आमच्यातल्या कुणी घरी गेलं नाही. एक गृहस्थ दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाने करत होते, शेवटी त्यांनी नंबर सांगायचंही सोडलं, नुसतं 'ताई?' म्हणायचे आणि मी 'नाही हो दादा' म्हणायचे. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

चिपीपार

ट्रंकबोर्ड ताई, वाचून काटा आला. नमस्कार तुम्हाला.

मी कुडाळचा. माझ्या बाबांना लहानपणी पोलिओ झालेला, अपंगांना एसटीडी बूथ देताना प्राधान्य असायचं त्यातून १९९१ ला बूथ मिळाला, एसटी स्टँडच्या बाजूला. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, आत बसकं स्टूल, आणि बाहेर बाबांच्या टेबलावर लाल आकड्यांचा मीटर. रात्री ११ नंतर पाव दर लागायचा म्हणून खरा धंदा ११ ला सुरू. पावसात लोक छत्र्या घेऊन रांगेत उभे, सगळ्यांची माणसं मुंबईत. आत बोलणाऱ्याचं लक्ष बोलण्यात कमी आणि काचेतून मीटरकडे जास्त, आकडा पुढे सरकला की वाक्य अर्ध्यावर तोडून 'बरां ठेवतंय' म्हणून रिसीव्हर खाली.

पण आमच्याकडे पैसे देऊन केलेल्या फोनांपेक्षा येणारे फोन जास्त. मुंबईहून चाकरमानी बूथवर फोन करायचा, सांगायचा आईला उद्या सात वाजता आणून ठेवा. मग मी सायकल काढून वाडीत, 'आये, तुझ्या झिलाचो फोन इलो हा, उद्या सातांक ये.' ती म्हातारी दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच नवं लुगडं नेसून बाकावर येऊन बसलेली. फोन आला की इतक्या मोठ्याने बोलायची की अख्खा स्टँड ऐकायचा, कारण मुंबई लांब आहे ना.

बाबांची एक वही होती, लांबट, दुधाचा हिशेब ठेवतात तसली. त्यात निरोप. परवा तुमचा धागा वाचून काढली. 'गणपतीक सुट्टी गावली नाय, मखराचे पैसे वासूवांगडा धाडतंय.' 'पास झालो. ६१ टक्के.' 'आबांक केईएमात दाखल केल्यानी, घाबरा नको.' प्रत्येकापुढे निरोप पोचल्याची टिक आणि वेळ. टिक नाही असा एकही निरोप मला सापडला नाही.

२००३ ला मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं तेव्हा रांग निम्मी झाली, २००६ ला देशभर एक रुपयात मिनिट आलं तेव्हा उरलेली गेली. बाबांनी तरी २००९ पर्यंत बूथ उघडला, कोणी आलं नाही तरी संध्याकाळी सातला मीटर चालू करून बसायचे. आता तिथे झेरॉक्स आणि रिचार्ज आहे, मीच चालवतो.

मिस्डकॉल

वाचतेय सगळं. आमच्या पिढीचं म्हणजे मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे स्टँडवर न्यायला या, तीन म्हणजे उचला खरंच काम आहे. पपा तिसऱ्या रिंगपर्यंत फोन हातात धरून मोजत उभे राहायचे.

साखरीनाटा

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, किनाऱ्यावरचं. माझे अब्बा कुवेतला होते. आमच्याकडे निरोप कॅसेटवर यायचा. खरंच, साठ मिनिटांची कॅसेट, त्यात अब्बा बोलून पाठवायचे आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ती यायची. मम्मीला लिहितावाचता येत नव्हतं, पत्र आलं तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं, कॅसेट मात्र तिची तिला ऐकता यायची. एक बाजू घरच्यांसाठी आणि दुसरी मोहल्ल्यासाठी, त्यात नावं घेऊन घेऊन प्रत्येकाला सलाम. मागे त्यांच्या खोलीतला पंखा ऐकू यायचा. मी लहान असताना मला वाटायचं अब्बा म्हणजे तो पंख्याचा आवाज.

२ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसलं. त्यानंतर कॅसेट नाही, पत्र नाही, फोन तर नाहीच. रेडिओ दिवसभर चालू. मम्मी जुन्या कॅसेट लावायची, पुन्हा पुन्हा, एक तर इतकी घासली की टेप गुंडाळला गेला आणि मामूंनी पेन्सिल घालून तो फिरवून फिरवून परत बसवला. दीड महिना झाला.

मग एका दुपारी पोस्टमनकाका बांधावरून येताना दिसले, हातात तार. तेव्हा तार म्हणजे कोण गेलं हेच मनात यायचं, तार नुसती दिसली तरी बायका रडायला लागायच्या, वाचायच्या आधी. हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते लांबूनच, अजून शंभर पावलं असतील, हात वर करून ओरडायला लागले, 'चांगली हाय! चांगली हाय! तार चांगली हाय!' ओरडतच पळत आले, आणि त्यांचं वय तेव्हा निवृत्तीला टेकलेलं. अब्बा बगदादवरून अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला पोचले होते. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय लोकांना असंच विमानांनी आणलं, एअर इंडियाच्या त्या उड्डाणांचं नाव अजून घेतात. आम्हाला मात्र पोस्टमनकाकाच आठवतात. तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली तेव्हा मम्मीने ती जुनी तार काढून मला दिली, सांभाळ म्हणाली. मी लॅमिनेट करायला निघाले होते, तिने करू दिली नाही, हाताला कागद लागला पाहिजे म्हणे.

उंबरठा६७

सगळ्यांचे प्रतिसाद मनापासून आवडले, साखरीनाटा तुमचा वाचून डोळे भरले. पण एक बाजू राहतेय ती मांडते, कुणी रागावू नका.

माझं लग्न १९८८ ला झालं. सासरी फोन नव्हता, दोन घरं सोडून एकांकडे होता, तिथे माझ्या आईचा महिन्यातून एकदा फोन यायचा. मी जायचे तर बैठकीत त्या घरचे सगळे बसलेले, सोबत सासूबाई आलेल्या. रिसीव्हर कानाला लावून मी काय सांगणार? आई विचारायची बरी आहेस ना, मी म्हणायचे बरी आहे. दोन वर्षं मी बरी नव्हते. शेवटी माहेरी गेले तेव्हा आम्ही खूण ठरवली, मी 'इथे पाण्याचे हाल आहेत' म्हटलं की भावाला पाठवायचं. ते वाक्य मी एकदाच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ दारात उभा होता.

निरोप पोचवणारी माणसं चांगली होती यात वाद नाही. पण काही निरोप असे असतात की ते तिसऱ्या माणसाच्या हातात देताच येत नाहीत. आज माझी लेक अर्ध्या रात्री गच्चीवर जाऊन मला फोन करू शकते, मेसेज करू शकते, तिला पाणी लागत नाही. हा बदल मला कृष्णाकाठ तुमच्या त्या काळ्या फोनपेक्षा हजारपटीने मोठा वाटतो.

कृष्णाकाठ

उंबरठा ताई, रागवायचा प्रश्नच नाही. तुम्ही लिहिलंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण मी निरोप घेऊन पळणारा पोरगा होतो, रिसीव्हर कानाला लावून उभा नव्हतो.

काल रात्री तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती आता ७८ ची आहे. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तुझ्या आजोबांचा फोन यायचा तेव्हा मी पण नेहमी सगळं ठीकच सांगायचे, तुझ्या वडिलांची नोकरी गेली होती तेव्हासुद्धा. मी विचारलं, काकू ऐकायच्या म्हणून? तर म्हणाली, नाही रे, काकू ऐकायच्या नाहीत. माझा फोन आला की त्या तुम्हा पोरांना अंगणात हाकलायच्या आणि स्वतः आत जाऊन मिक्सर लावायच्या. रिकामाच. मला आवाजावरून कळायचं की भांड्यात काही नाहीये. बाबांना काळजी नको म्हणून मीच सांगत नव्हते.

तो मिक्सर मला आठवतो. फोन चालू असताना काकू नेमकी चटणी का वाटतात, इतका गोंगाट का करतात, म्हणून आम्ही पोरं वैतागायचो. काकू २००१ ला गेल्या, त्यांचा मुलगा कोल्हापूरला असतो. आज त्याला फोन करून हे सांगणार आहे.