विषय: रविवारची बाईकस्वारी – आधी समुद्र की आधी ॲलिसेस?

मंडळी, नमस्कार.

परवा वर्गणीच्या टेबलाशी गप्पा मारताना कळलं की आपल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या मंडळात बाईकवाले बरेच आहेत आणि एकमेकांना कुणी ओळखतच नाही. तर येत्या रविवारी निघूया. बेत असा: सकाळी साडेआठला हायवे ९२ने समुद्रकाठचं हाफ मून बे, तिथून किनाऱ्याच्या हायवे १ने दक्षिणेला पिजन पॉइंटचं दीपगृह, मग हायवे ८४ चढून दुपारी वुडसाइडच्या वर ॲलिसेस रेस्टॉरंट. तिथे शनिवार-रविवारी बाईकवाल्यांची जत्राच भरते. कोण कोण येतंय?

– फ्रीमाँटकर

*

फ्रीमाँटकर,

बेत झकास, फक्त उलटा करा. ऑगस्टात सकाळी साडेआठला तिथे समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. हेल्मेटच्या काचेवर धुक्याचं पाणी साचतं, ग्लोव्हने पुसलं की फराटे उमटतात आणि समोरच्या गाडीचे लाल दिवे पसरट दिसायला लागतात. दुपारपर्यंत बऱ्याचदा उघडतं. शिवाय ॲलिसेसला बाईकवाले जमतात सकाळीच. दुपारी पोचलात तर भेटायला कोण उरणार, बर्गर खायला आलेली बिऱ्हाडं!

म्हणून आधी ॲलिसेस. तिथून ८४ने ला होंडामार्गे खाली सॅन ग्रेगोरिओ. त्या उतारावर रेडवुडच्या उंच झाडांची गर्द सावली आहे, वळणावर रस्ता ओलसर असतो, तेव्हा बाईक झुकवून गुडघा टेकवायची हौस घरी ठेवून या. सॅन ग्रेगोरिओचं जनरल स्टोअर १८८९ सालचं. पुस्तकं, खिळेमोळे आणि बार, सगळं एका छपराखाली. तिथून हायवे १ न धरता आतल्या स्टेज रोडने पेस्कादेरोला या. रस्ता अरुंद, दोन्हीकडे गवताच्या टेकड्या, रहदारी नावाला. माझ्या मते सबंध सफरीतला हा सगळ्यात सुंदर तुकडा, आणि समुद्रवेडे लोक नेमका तोच टाळतात.

पेस्कादेरोहून दीपगृहाकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे आपल्याच अंगाला येतो. फोटोसाठी थांबायचं तर समोरची रहदारी कापावी लागत नाही. परतताना ९२ नकोच, रविवारी दुपारी तिथे नुसती रांग असते. पेस्कादेरोहून आतल्या रस्त्याने ला होंडा गाठा आणि पुन्हा ८४.

– सॅन होजेची काकू (हो, मीच चालवते. काका मागे बसतात.)

*

काकू, दंडवत!

माझ्या दोन शंका. पुण्यात कॉलेजपासून बुलेट चालवलीय, आगरदांड्याच्या फेरीबोटीत चढवून दिघीला उतरवलीय. पण इथला परवाना फक्त कारचा आहे. एका मित्राची बाईक मिळतेय. चालेल का? आणि बायकोला मागे बसायचंय.

– सनीव्हेलकर

*

अरे बाबा, नाही चालणार. एम-१, म्हणजे मोटरसायकलचा वेगळा परवाना लागतो, आणि पुण्यातली बुलेट पोलिसाला सांगून काही उपयोग नाही. मोटरसायकल सुरक्षेचा कोर्स कर, म्हणजे डीएमव्हीची (इथल्या आरटीओची) चालवायची परीक्षा माफ होते. लेखी मात्र द्यावी लागते. या खेपेला दोघं कारने या, सगळ्यांची जॅकेटं आणि डबे तुमच्या डिकीत. पुढे कधी बायकोला मागे बसवलंस तर हेल्मेट तिलाही हवं, १९९२पासून कायदाच आहे तसा.

आणि सर्वांनाच सांगते, गाड्यांच्या दोन रांगांच्या मधून बाईक काढायला इथे कॅलिफोर्नियात कायद्याने परवानगी आहे, पण घोळक्याने तसलं काही करायचं नाही. सरळ रस्त्यावर एकामागे एक रांगही नको, ती फक्त वळणांवर. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये भरपूर अंतर. नवखा दुसऱ्या नंबरवर. सगळ्यात मागे मी.

– काकू

*

मान्य! नवा बेत: नऊला ॲलिसेसच्या पार्किंगमध्ये. तिथल्या लोकांशी बोलायला लाजू नका. ‘कोणतं मॉडेल?’ एवढं विचारलंत की अर्धा तास गेलाच समजा. समोरून येणारा बाईकवाला डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवेल, तुम्हीही दाखवा. फक्त वळणावर हात हँडलवरच बरा.

टाक्या खालीच भरून या. डोंगरात फोनला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घ्या. पिजन पॉइंटचा मनोरा ११५ फुटांचा, १८७२पासूनचा. आपण बाहेरूनच बघू. जेवण पेस्कादेरोला, तिथलं आर्टिचोकचं सूप सांगून ठेवतो. साडेतीनला तिथून हलायचंच, कारण ढोलपथकवाल्यांना पाचला तालीम आहे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. सनीव्हेलकर, डिकी रिकामी ठेवा.

– फ्रीमाँटकर